नंदीबैलाच्या चित्रातला हात

माझा नवरा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, तालमींचे फलक हे त्याचं बारमाही काम. निवडणूक आली की भिंती आणि कार्टून. वर्तमानपत्रात त्याला व्यंगचित्र म्हणतात, आमच्या पेठेत कार्टूनच म्हणायचे. मांजरपाटाचं कापड बांबूच्या चौकटीवर ताणायचं, त्यावर समोरच्या उमेदवाराची फजिती रंगवायची आणि चौकात उभी करायची. सभेला त्या-त्या पक्षाची माणसं जायची. कार्टून बघायला सगळी पेठ यायची, ज्याची फजिती केली त्याच्या घरची माणसंसुद्धा, अंधार पडल्यावर, डोक्यावर पदर घेऊन.

त्या कामातलं निम्मं काम माझं होतं. चिंचोके भाजून, सोलून, दळून त्याची खळ शिजवायची आणि कापडाला द्यायची. खळ पातळ झाली तर रंग कापडात फुटतो, घट्ट झाली तर कापड गुंडाळलं की रंगाचे पोपडे निघतात. काजळी सरसात घोटायची. सरसाचा वास घरातून महिनाभर जात नसे. हे सगळं मी करायची आणि नाव पेंटरचं व्हायचं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण काढायचा हात त्याचा होता. पण विषय सुचण्याच्या बाबतीत तो मठ्ठ होता. हे मी त्याच्या तोंडावर सांगत असे, तेव्हा इथे सांगायलाही हरकत नाही.

माझं शिक्षण चौथी. पण कार्टून कसं चालतं आणि कसं पडतं हे मी चौकात उभी राहून शिकले. एकदा नवऱ्याने एका उमेदवाराला अजगर केलं होतं. रस्ता गिळणारा, पोट फुगलेला. इतकं हुबेहूब की पोरं भिऊन रडली आणि मोठी माणसं दुसऱ्या बाजूने जायला लागली. पडलं ते चित्र. दुसऱ्या वेळी फक्त एक नळ काढला, त्याला झेंडूचा हार घातलेला, आणि खाली रिकामी घागर. माणूस नाहीच. तरी ज्याने त्या वर्षी बिनपाण्याच्या नळांची उद्घाटनं केली होती त्याला सगळ्यांनी ओळखलं. शिवी दिली की माणूस बघतो आणि पुढे जातो. हसू आलं की तो घरी जाऊन दुसऱ्याला घेऊन येतो. आणि माणूस काढायचाच झाला तर त्याचं सगळं तोंड काढू नये. त्याची एक खूण उचलावी आणि बाकीचं लोकांवर सोडावं.

नवऱ्याचे दोन नियम होते. अक्षरं सगळ्यांची लिहायची. एकाच दिवशी एका भिंतीवर एकाला विजयी करा आणि पलीकडच्या भिंतीवर दुसऱ्याला विजयी करा, असं त्याने कितीदा लिहिलं. त्यात कोणाला काही वाटत नसे. कार्टून मात्र त्या वॉर्डात जो पहिल्यांदा येईल त्याचंच. दुसरा नियम, चित्रात बाई काढायची नाही. उमेदवाराची बायको, आई, बहीण, कोणीच नाही. हा नियम त्याचा एकट्याचा नव्हता, पेठेतले सगळे पेंटर तो पाळायचे. पाळला नाही तर तालमीतली पोरं पेंटरला शोधत यायची.

सत्तरच्या आसपासची एक निवडणूक. आमच्या वॉर्डात एक पैलवान उभा होता. आमच्या मागच्याच घरात राहायचा. त्याच्या मोरीची भिंत आणि आमच्या मोरीची भिंत एक. तरुणपणी नावाजलेला मल्ल, पुढे कुस्ती सुटली तरी कान तसेच, दोन्ही मोडलेले, फुगून पुरीसारखे झालेले. मिशा मोठ्या. माणूस वाईट नव्हता. तापट होता. भाषण चांगलं करायचा. पेठेतल्या गटारापासून दिल्लीपर्यंतचं त्याला ठाऊक असायचं, आणि रोज सकाळी कट्ट्यावर बसून वर्तमानपत्रात काय आलंय ते तो बाकीच्यांना सांगायचा. मी सातवीपर्यंत शिकलोय, असंही सांगायचा.

त्याची बायको गडहिंग्लजची. आम्ही तिला गडहिंग्लजची म्हणूनच ओळखायचो. बोलण्याला तिकडचा हेल, स्वतःबद्दल बाप्यासारखं ‘मी आलो, मी गेलो’ बोलायची, मला ‘अक्का’ म्हणायची, रागावली की निम्मं कानडीत बोलायची. सात यत्ता शिकली होती ती. पेठेत माझं जिच्याशी खरं पटायचं अशी ती एकटी बाई. मला रडक्या बायका आवडत नाहीत. ही रडायची नाही.

एकदा आम्ही दोघी माझ्या दारात तूर निवडत बसलो होतो. ती एकदम हसायला लागली. मी म्हटलं, “काय झालं गं?”

“कुणाला सांगणार न्हाईस?”

“सांगण्यासारखं असलं तर सांगीन की.”

“मग न्हाय सांगत.”

“बरं, पोटात ठेवते. बोल.”

तेव्हा तिने सांगितलं. पैलवानाला वाचता येत नव्हतं. सही यायची, तेवढीच. रोज पहाटे दार लावून ती त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि तो सूर्यनमस्कार घालता घालता ऐकायचा. डोकं त्याचं पक्कं. एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. भाषणंही तीच लिहायची आणि त्याच्याकडून म्हणून घ्यायची, पोराकडून पाढे म्हणून घ्यावेत तशी. सभेत कोणी चिठ्ठी दिली की तो ती खिशात घालून म्हणायचा, “घरी जाऊन सांगतो.” लोकांना वाटायचं, केवढा विचारी माणूस, चटकन बोलत नाही. घरी आला की चिठ्ठी हिच्या पुढ्यात.

“आणि उत्तर कोण सांगतं?” मी विचारलं.

“आता ते बी मीच सांगायला लागलोय की,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मी ते पोटात ठेवलं. चार-पाच महिने ठेवलं.

मग निवडणूक लागली आणि समोरच्या पक्षाचा एक कार्यकर्ता आमच्याकडे आला. चष्मेवाला, हायस्कुलात कारकून होता. पैलवानाच्या विरोधात तीन चौकांत तीन कार्टून पाहिजेत म्हणाला. पैलवानाच्या भिंती नवऱ्याने आधीच रंगवून दिल्या होत्या, पण कार्टूनला तोवर कोणी आलं नव्हतं. नियमाप्रमाणे काम चष्मेवाल्याचं झालं. विषय मात्र सुचेना. चष्मेवाला म्हणाला, गाढव काढा. नवरा म्हणाला, गाढव मागच्या वेळेला झालं. चष्मेवाला म्हणाला, मग चड्डी सुटलेला पैलवान काढा. नवरा म्हणाला, घाण दिसतंय. तासभर ते दोघे चहा पीत बसले होते आणि मी आत खळ ढवळत होते. दोन बाप्यांच्या डोक्यांतून एक गोष्ट निघेना.

मला राहवलं नाही. पळी हातात घेऊनच मी बाहेर आले आणि म्हणाले, “नंदीबैल काढा.”

नवरा म्हणाला, “तू आत जा.”

चष्मेवाला म्हणाला, “थांबा थांबा. बोला वैनी.”

मी सांगितलं. झूल घातलेला, शिंगांना गोंडे लावलेला देखणा नंदीबैल काढा. गुबूगुबू वाजलं की मान हलवणारा. त्याला मोडके कान लावा आणि मिशा लावा, बाकी काही लावू नका. दातांत एक चिठ्ठी द्या. मागे अर्धवट उघडं दार, आणि बैलाचं दावं दाराच्या आत गेलेलं. खाली एवढंच लिहा, ‘घरी जाऊन सांगतो!’

चष्मेवाल्याने मांडीवर थाप मारली. “आणि दावं आत कुणाच्या हातात?”

“बाईच्या. बांगड्यांचा हात दाखवायचा, बस.”

नवरा म्हणाला, “बाई काढणार न्हाय मी.”

“बाई कुठं हाय? हात हाय,” मी म्हणाले.

मी हे कसं बोलून गेले, याची सबब मी सांगणार नाही. मला कोणी फसवलं नाही, कोणी वदवून घेतलं नाही. मला माझ्या डोक्याची हुशारी दाखवायची होती आणि मी ती दाखवली. चष्मेवाला मला दोनदा “वा वैनी” म्हणाला. मैत्रिणीला दिलेला शब्द मला त्या वेळी आठवला नाही, असंही नाही. आठवला होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बैल उत्तम काढला. कान तर असे की नुसते कान कापून चौकात लावले असते तरी लोकांनी ओळखले असते. हाताशी येऊन तो अडला. म्हणाला, “दारात उभी ऱ्हा. दोरी धर.” मी अंगणात दाराची कडी धरावी तशी दोरी धरून अर्धा तास उभी राहिले आणि त्याने माझा हात बघून हात काढला. तीनही कापडांवर तोच हात. पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, चष्मेवाल्याच्या माणसांनी तीन चौकांत ती उभी केली.

आणि चित्र चाललं. असं चित्र आधी कधी चाललं नव्हतं. दूध घालायला निघालेले गवळी थांबले. सायकलवाले थांबले. पोरं दोन्ही हात कानांना लावून माना हलवायला लागली. एका म्हातारीने नंदी म्हणून हात जोडले, कापडाला कुंकूही लावलं. दुपारपर्यंत पेठेत कोणी कोणाला काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं, “घरी जाऊन सांगतो!” मी घागर घेऊन नळावर गेले ती ताठ मानेने. चित्र माझं होतं, कोणाला माहीत नसलं म्हणून काय झालं.

नळावर बायका बैलाबद्दल बोलतच नव्हत्या. माझ्याकडे बघून एकजण म्हणाली, “आलीस का बाई? पैलवानाचं दावं तुझ्या हातात कवापासनं?”

मला कळेना. मी म्हटलं, “काय बरळतीस?”

“आम्ही न्हाय बरळत, तुझा दादला बरळलाय. हात बघ की तुझा!”

माझ्या उजव्या मनगटाच्या वर गोंदलेला विंचू आहे. लहानपणी जोतिबाच्या यात्रेत आईने गोंदवला. गोंदणारी नांगीपर्यंत आली तेव्हा मी हात हिसडला आणि पळाले, म्हणून विंचू आहे पण नांगी नाही. असा विंचू अख्ख्या पेठेत माझ्याच हातावर. नवऱ्याने तो तीन चौकांत तीनदा काढून ठेवला होता. बाप्यांना बैल दिसला. बायकांना पहिल्यांदा हात दिसला, मग बांगड्या, मग विंचू.

“म्हंजे पैलवान घरी जाऊन सांगतो, ते कुणाच्या घरी गं?” दुसरी म्हणाली. नळ सोडून सगळ्या हसायला लागल्या.

“तुझ्या घरी येत न्हाय ना? मग झालं,” असं म्हणून मी घागर भरली. पण घरी आल्यावर मी नवऱ्यावर तुटून पडले.

“विंचू कशाला काढलास?”

“हात जसा दिसला तसा काढला.”

“निदान नांगी तरी पुरी करायची होतीस!”

“नांगी न्हाईच, तर कुठनं काढू?” तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं मी कशाला ओरडते ते. दिसलं ते काढायचं, एवढंच त्याला येत होतं.

मला त्या चिडवण्याचं फार वाटलं नाही. नळावरच्या बायकांना चार दिवस पुरतं आणि पाचव्या दिवशी दुसरं मिळतं. पण दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजची नळावर आली नाही. तिच्या जागी तिची सासू आली. ती म्हातारी कधी पाण्याला येत नसे. मी घागर उचलून द्यायला पुढे झाले, तशी ती म्हणाली, “असू दे. सवय करायला पायजे आता. सून माहेरला चालली उद्याच्या गाडीनं.”

“का हो? कोण आजारी हाय?”

“आजारी कोण न्हाय. घरातलं भाईर सांगतीया म्हणतोय तो. अशी बायको नको म्हणतोय.”

“आणि पोरगी?”

“पोरगी आमची हाय. ती हितंच ऱ्हाईल.”

पोरगी तेव्हा दुसरीत होती.

म्हातारी पाण्याची घागर कमरेवर घेऊन दोनदा टेकत गेली आणि मी नळावर तशीच उभी राहिले. पैलवानाचं डोकं बरोबर चाललं होतं. चिठ्ठी खिशात जाते हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण ती घरी कोणाच्या हातात जाते हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्याने स्वतः सांगितलेलं नव्हतं. म्हणजे राहिलं कोण? त्याने बायकोला विचारलं असणार आणि ती काही बोलली नसणार. माझं नाव तिने सांगितलं असतं तर तो आदल्या दिवशीच माझ्या दारात आला असता.

मी घरी घागर ठेवली आणि सरळ मागच्या गल्लीत गेले. नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. पैलवानाच्या ओट्यावर सात-आठ कार्यकर्ते चहा पीत बसले होते आणि तो मध्ये बसला होता. मला बघून एक पोरगा मान हलवायला गेला आणि पैलवानाच्या डोळ्यांकडे बघून थांबला.

पैलवान म्हणाला, “काय वैनी? पेंटरनं पाठवलं? माफी मागायला?”

“पेंटरला ठाऊक न्हाय. आणि माफी मागायला मी आलेली न्हाय,” मी म्हणाले. “तुम्ही घरच्या बाईला माहेरी पाठवताय ते कशासाठी?”

“आमच्या घरातलं आम्ही बघू.”

“बघा की. पण चित्र माझं हाय. बैल मी सांगितला, चिठ्ठी मी सांगितली, खालचं वाक्य मी सांगितलं. तुमच्या बायकोचा संबंध काय?”

तो उठला. उभा राहिला की ओटा भरल्यासारखा वाटायचा. “चिठ्ठीचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? भर सभेत खिशात घालता. पेठंला डोळे न्हाईत व्हय?”

“आणि हात?” हे तो हळू बोलला. कार्यकर्त्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू. “दाराआडचा हात कुणाचा?”

इथे मी चुकले असते तर सगळं गेलं असतं. त्याला माणसांसमोर काय विचारता येत नव्हतं, ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. मी पदर मागे टाकला, बांगड्या वर सारल्या आणि हात त्याच्या नाकासमोर धरला.

“हा बघा. विंचू बघा. नांगी मोजा. बायांनी नळावर कालच वळखलाय, तुम्हीच तेवढे मागं ऱ्हायलाय. दावं धरायला एक हात पायजे होता, पेंटरच्या घरात माझाच होता. नंदीबैल काय आपला आपण फिरतो?”

ओट्यावर एकजण फस्सकन हसला. मग दुसरा. पैलवान माझ्या हाताकडे बघत राहिला, नंतर आत दाराकडे बघितलं, नंतर पुन्हा हाताकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरताना मला दिसलं. त्याचं गुपित बाहेर गेलेलं नव्हतं. पेंटरच्या बायकोने आगाऊपणा केला होता, एवढंच होतं. लाज जायची ती माझी जाणार होती.

“लई जिभेची हायसा वैनी,” तो म्हणाला.

“जिभेचीच हाय. म्हणून सांगते, माझ्या जिभेपायी दुसरीला गाडीत बसवू नका. पेठ काय म्हणंल? ऐन निवडणुकीत पैलवानाची बायको पळाली.”

हे शेवटचं मी मुद्दाम सांगितलं. कार्यकर्त्यांनी लगेच उचललं. “व्हय, व्हय, असलं काय नको आत्ता,” असं दोघे-तिघे म्हणाले. पैलवानाने आत आवाज दिला, “चहा टाका की वैनीस्नी!” मी चहाला थांबले नाही. जाताना दाराच्या फटीत मला तिचा पदर दिसला. ती बाहेर आली नाही.

ती गाडीत बसली नाही. पोरगी तिच्याजवळ राहिली. त्यासाठी मी गेले होते आणि ते झालं.

बाकीचं जे झालं ते मी अंगावर घेतलं. त्याच संध्याकाळी सभेत पैलवान म्हणाला, “माझ्यासमोर उभा ऱ्हायाला त्यांच्यात गडी उरला न्हाय, म्हणून पेंटरच्या बायकोचा हात धरून आणलाय!” टाळ्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. चित्राची हवाच गेली. बैल तोच, कान तेच, पण आता लोक पैलवानाला हसत नव्हते, माझ्या नवऱ्याला हसत होते. दाराआड कोण, हा प्रश्नच मिटला होता, आणि चित्राचा सगळा दम त्या प्रश्नात होता. चष्मेवाला तणतणत आला. “वैनी, चित्र आमचं आणि प्रचार त्यांचा? असं कुठं असतंय व्हय?” मी म्हटलं, “आता असं हाय.” तो दोन चौकांतली चित्रं काढून घेऊन गेला. तिसरं आमच्या चौकातलं नवऱ्याने उतरवलं आणि गुंडाळून माळ्यावर टाकलं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. खळ मात्र मागितली.

पैलवान निवडून आला. तो तसाही आला असता, असं माझं मत आहे. चित्राने कोणी पडत नाही. चित्राने माणूस थोडा लहान होतो, आणि तो लहान झाला की घरात कोणावर तरी त्याचा राग निघतो. हे मला त्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं, कारण मी फक्त चौकात उभी राहून बघत होते.

गुलालाची मिरवणूक होऊन गेल्यावर आठवडाभराने गडहिंग्लजची माझ्या दारात आली. बसली नाही. म्हणाली, “ते चित्र हाय काय गं तुझ्याकडं? मी बघितलोच न्हाय.”

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या चित्रापायी तिची ट्रंक भरली गेली ते तिने बघितलंच नव्हतं. तिला त्या दिवसांत दाराबाहेर सोडलं नव्हतं. मी माळ्यावरून कापड काढलं आणि जमिनीवर पसरलं. पोपडे पडलेले नव्हते, खळ चांगली उतरली होती. ती आधी कानांकडे बघून हसली. तोंडाला पदर लावून हसली. “कान बरोबर हायत,” म्हणाली. मिशा बघितल्या, चिठ्ठी बघितली, खालचं वाक्य वाचलं. मग गुडघ्यावर बसून हात बघितला. बराच वेळ बघितला.

“विंचू कशाला काढला?” ती म्हणाली.

“तो मूर्ख हाय.”

“विंचू नसता तर बरं झालं असतं.”

मी म्हटलं, “विंचू नसता तर तू आता गडहिंग्लजला असतीस. विंचवानंच वाचवलं.”

“ते खरं हाय.” ती कापडावरून उठली. “पैल्या दिवशी आमच्या दारावरनं दोन बाप्ये बोलत गेले. आतनं ऐकलो मी. एक म्हणाला, घरची बाई हुशार असणार बघ पैलवानाची, त्याशिवाय असं बोलता येत न्हाय. असं म्हणाला. बारा वर्सं झाली मला ह्या घरात येऊन. असं कोण म्हणालं न्हवतं. दुसऱ्या दिवशी तू येऊन तुझा हात दाखवलास.”

“मग काय करायला पायजे होतं मी? पोरीला टाकून जाणार होतीस?”

“न्हाय. जाणार न्हवतो.”

“मग?”

“मग काय न्हाय. तुला सांगितलो, एवढंच.”

मी तिला म्हटलं, मी तुझा शब्द मोडला, ती माझी चूक, ती मी मानते. ओट्यावर जाऊन खोटं बोलले ती चूक नव्हती, ती मी मानणार नाही. ती म्हणाली, “मी कुठं म्हणतोय मान म्हणून?” आणि कापडाची घडी घालायला एक टोक तिने स्वतः धरलं. आम्ही दोघींनी घडी घातली.

पुढे पंधरा-सोळा वर्षं आम्ही एका भिंतीचे शेजारी होतो. नळावर एकत्र जायचो, तिच्या पोरीच्या लग्नात फलक माझ्या नवऱ्यानेच रंगवले. तिची भाषणं पैलवान म्हणत राहिला, हे मला सभेत ऐकताना कळायचं, कारण तिच्या बोलण्यातली एखादी गोष्ट त्यात असायची. पैलवान मधे एकदा पडला, एकदा परत निवडून आला. चष्मेवाले आले, दुसरे आले, कार्टूनचा विषय मागत. मी विषय दिले. नळ दिला, खड्डा दिला, उंदीर दिला. कोणाच्या घरातलं पुन्हा दिलं नाही.

गडहिंग्लजची माझ्याशी भाजीचं बोलायची, पावसाचं बोलायची, पोरांचं बोलायची. तूर निवडायला येऊन बसायचीसुद्धा. पण घरातलं एक अक्षर तिने मला परत सांगितलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.